गुरुपदी कोणाला बसवावे?
जैन शिक्षणसंस्थांच्या इतिहासातील तीन नेमणुका आणि समाजमनाचे पडसाद

आहारदान, औषधदान, अभयदान आणि ज्ञानदान या चार दानांमध्ये ज्ञानदानाची थोरवी आपल्या आचार्यांनी वारंवार गायिली आहे. मंदिर उभारणारा समाज तितक्याच श्रद्धेने पाठशाळा उभारतो, याचे मूळ या शिकवणीत आहे. इमारतीसाठी देणगी देणारे हात समाजात नेहमीच पुढे आले. तथापि इमारत उभी राहिल्यावर तिच्यात प्रमुख म्हणून कोणाला बसवावयाचे, हा प्रश्न आला की समाजात दोन मते, कधी चार मते होतात. विश्वस्त मंडळाच्या बैठका लांबतात, मंदिराच्या ओट्यावर चर्चा रंगते आणि घराघरांतून तोच विषय निघतो. ज्येष्ठ शिक्षकाचा मान राखावा की बाहेरचा विद्वान आणावा? आपल्या धर्माचा असावा की आपल्या विषयाचा जाणकार असावा? नेमलेल्या व्यक्तीची मते समाजाला पटली नाहीत तर काय करावे?

हे प्रश्न आजचे नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी, जेव्हा आधुनिक जैन शिक्षणसंस्थांचा पाया घातला जात होता, तेव्हा आपल्या पूर्वजांनीही त्यांना तोंड दिले. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी संस्थेच्या इमारतींचे स्मरण होते, तसेच संस्थाप्रमुखाच्या निवडीविषयी समाजाने पूर्वी काय केले याचेही स्मरण व्हावे, या हेतूने तीन प्रसंग येथे मांडले आहेत.

काशी, १९०५ : अन्य धर्मीय पंडित जैन विद्यालयात

पूज्य श्री गणेशप्रसादजी वर्णी (१८७४-१९६१) यांचे नाव उत्तर भारतातील जैन विद्याप्रसाराच्या इतिहासात अग्रभागी आहे. ललितपूर परिसरातील हंसेरा या गावी एका वैष्णव कुटुंबात जन्मलेल्या या पुरुषाने स्वतःच्या शोधातून जैन धर्म स्वीकारला. धर्म पत्करला, पण तो समजून घेण्यासाठी आवश्यक असलेले न्यायशास्त्र शिकविणारा कोणी भेटेना. त्या काळी संस्कृत न्यायविद्येचे माहेरघर काशी. वर्णीजी तेथे पोहोचले. ज्या पहिल्या पंडितांकडे ते गेले, त्यांनी विद्यार्थी जैन आहे हे कळताच शिकविण्यास नकार दिला आणि अपमानास्पद शब्दांत त्यांना परत धाडले. वेद न मानणाऱ्यास वैदिक परंपरेतील विद्या द्यावयाची नाही, ही त्या काळच्या अनेक पंडितांची भूमिका होती.

या निराशेच्या वेळी वर्णीजींची गाठ पडली पंडित अंबादास शास्त्री यांच्याशी. श्वेतांबर समाजाने काशीत सुरू केलेल्या पाठशाळेत ते त्या वेळी शिकवीत होते. शास्त्रीजी जन्माने आणि परंपरेने ब्राह्मण, पण ज्ञानाच्या दारात जात-धर्म विचारू नये अशा वृत्तीचे. त्यांनी वर्णीजींना शिकविण्याचे मान्य केले. एवढ्यावर वर्णीजींचे समाधान झाले नाही. आपल्यासारख्या कित्येक जैन विद्यार्थ्यांना हाच अपमान सोसावा लागत असेल, तेव्हा काशीत आपलेच विद्यालय हवे, असे त्यांनी ठरविले. हाती काय होते? एका सद्गृहस्थाने दिलेला एक रुपया. त्या रुपयाची चौसष्ट पोस्टकार्डे आणून त्यांनी चौसष्ट ठिकाणच्या श्रीमान धर्मबंधूंना पत्रे लिहिली. उत्तरे आली, मदत आली. आरा येथील बाबू देवकुमारजींनी गंगाकाठी भदैनी येथील जागा उपलब्ध करून दिली. १९०५ साली श्रुतपंचमीच्या दिवशी मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (१८५१-१९१४) यांच्या हस्ते स्याद्वाद पाठशाळेचे उद्घाटन झाले. हीच पुढे श्री स्याद्वाद महाविद्यालय म्हणून देशभर प्रसिद्ध झाली. विशेष म्हणजे संस्थेचे संस्थापक वर्णीजी स्वतःच तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक होते, आणि न्यायविषयाच्या अध्यापकपदी होते पंडित अंबादास शास्त्री.

या नेमणुकीचे महत्त्व आज सहजी लक्षात येत नाही. जैन समाजाने आपल्या धनाने, आपल्या तीर्थंकरांच्या नावाने चालविलेल्या विद्यालयात प्रमुख विद्यागुरू म्हणून अन्य परंपरेतील विद्वान बसविला होता. जे स्वतः अर्हंताला आप्त मानीत नाहीत, त्यांनी आचार्य विद्यानंदांची ‘अष्टसहस्री’ शिकवावी, हे वरकरणी विचित्र वाटावे असेच होते. कारण हा ग्रंथ म्हणजे आचार्य समंतभद्रांच्या ‘आप्तमीमांसे’वरील आणि तिच्यावरील अकलंकदेवांच्या ‘अष्टशती’वरील गहन व्याख्या. आप्त कोण, हाच तिचा विषय. तिच्यात इतर दर्शनांचे परखड परीक्षण आहे. ज्याच्या दर्शनाचे खंडन ग्रंथात आहे, त्यानेच तो ग्रंथ प्रामाणिकपणे उलगडून दाखवावा, यासाठी गुरूची बुद्धी तर हवीच, पण मनही मोठे हवे. शास्त्रीजींपाशी दोन्ही होते. वर्णीजींनी आपल्या आत्मकथेत या गुरूविषयी जी कृतज्ञता व्यक्त केली आहे, ती या नेमणुकीच्या योग्यतेचा सर्वांत मोठा पुरावा होय.

तरीही एक शंका समाजाच्या मनात राहणे स्वाभाविक होते. तर्क शिकविता येतो, श्रद्धा कोण देणार? व्याकरण आणि न्याय यांत पारंगत झालेला विद्यार्थी सामायिक, पूजा, व्रत यांपासून दूर गेला तर संस्थेचा उद्देशच हरला. या शंकेला संस्थांनी दिलेले उत्तर अतिशय व्यवहार्य होते. एकाच व्यक्तीकडून सर्व अपेक्षा न ठेवता कामाची विभागणी करण्यात आली. न्याय, व्याकरण, साहित्य या विषयांसाठी त्या त्या विषयाचा श्रेष्ठ पंडित, मग तो कोणत्याही परंपरेचा असो. विद्यार्थ्यांच्या दिनचर्येवर आणि आचारावर देखरेख ठेवण्यासाठी व्रती गृहस्थ. आणि धर्मविषयासाठी जैन धर्माध्यापक. काशीत व्रती देखरेखीचे काम बाबा भागीरथजी वर्णी यांनी सांभाळले. पुढे अनेक जैन विद्यालयांनी अशीच व्यवस्था स्वीकारली.

या व्यवस्थेचे फळ एका पिढीतच दिसले. याच विद्यालयात शिकलेले पंडित कैलाशचंद्र शास्त्री (१९०३-१९८७) पुढे तेथेच अध्यापक आणि नंतर दीर्घकाळ प्राचार्य झाले. जैन न्याय आणि जैन साहित्याचा इतिहास यांवरील त्यांच्या ग्रंथांनी संपूर्ण देशातील अभ्यासकांना ऋणी केले. सुरुवातीस समाजापाशी विद्वान नव्हते म्हणून ते बाहेरून आणले; बाहेरून आणलेल्या विद्वानांनी घरचे विद्वान घडविले. दार बंद ठेवले असते तर पंडित कैलाशचंद्रांसारखा प्राचार्य समाजाला लाभला असता काय, याचा विचार व्हावा.

आणि आपल्या परंपरेला तरी हे नवे कोठे होते? भगवान महावीरांचे अकराही गणधर जन्माने ब्राह्मण होते. इंद्रभूती गौतम वादासाठी आले आणि भगवंतांचे पहिले शिष्य झाले. ज्यांच्या मुखातून जिनवाणी आपल्यापर्यंत पोहोचली, त्यांचे मूळ कुल समाजाने कधी विचारले नाही. त्यांची पात्रता पाहिली.

मुंबई, सोलापूर आणि आरा : गुरुपदी स्त्री

दुसरा प्रसंग याहूनही नाजूक होता. शेठ माणिकचंद यांची कन्या मगनबाई (१८७९-१९३०) ऐन तारुण्यात विधवा झाल्या. त्या काळातील विधवेचे जीवन कसे असे, हे वेगळे सांगण्याचे कारण नाही. घराचा एक कोपरा, पांढरे वस्त्र आणि अबोला हेच तिच्या वाट्याला येई. शेठजींनी मात्र कन्येला पुस्तक दिले. घरी पंडित बोलावून तिला संस्कृत आणि धर्मग्रंथ शिकविले. वडिलांची ही दृष्टी त्या काळी समाजात सर्वांना रुचणारी नव्हती. स्त्रीने अक्षर गिरविले तर घराचा नाश होतो, असे मानणाऱ्यांची संख्या तेव्हा सर्वच समाजांत मोठी होती आणि जैन समाज त्याला अपवाद नव्हता.

१९०९ साली मगनबाईंनी अहमदाबाद येथे श्राविकाश्रम सुरू केला. थोड्याच काळात तो मुंबईस आला. विधवा आणि परित्यक्ता भगिनींना शिक्षण, धर्मज्ञान आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे बळ देणे हा त्याचा हेतू. संस्था स्त्रियांची, विद्यार्थिनी स्त्रिया आणि प्रमुखही स्त्री. या कार्यात त्यांना साथ दिली ती ललिताबाई आणि सोलापूरच्या कंकुबाई यांनी. कंकुबाई या ‘जैन बोधक’ या पत्राचे संपादक शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्या कन्या. म्हणजे एकीकडे वडिलांनी लेखणीने समाजजागृती करावी आणि दुसरीकडे कन्येने प्रत्यक्ष अध्यापन करावे, असा हा योग होता.

समाजाची प्रतिक्रिया कशी झाली? प्रारंभी आपली लेक वा सून आश्रमात पाठविण्यास कुटुंबे कचरत. घरची अब्रू बाहेर जाईल, ही भीती. भाषणे देऊन ती गेली नाही. मगनबाईंच्या आचरणाने ती ओसरत गेली. व्रतनियम, साधा वेष, नियमित स्वाध्याय आणि आश्रमातील कडक शिस्त पाहून ज्यांनी प्रथम नाके मुरडली, त्यांच्याच घरातील मुली पुढे आश्रमात दाखल झाल्या. समाजाने मगनबाईंना ‘जैन महिलारत्न’ ही पदवी देऊन गौरविले. विरोधापासून गौरवापर्यंतचा हा प्रवास फार वर्षांचा नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

याच सुमारास आरा येथे पंडिता चंदाबाई यांचे कार्य आकार घेत होते. काशीच्या विद्यालयास जागा देणाऱ्या बाबू देवकुमारजींच्या त्या भावजय. वैष्णव घरात जन्मून जैन घरात आलेल्या आणि बालपणीच वैधव्य आलेल्या चंदाबाईंनी १९२१ साली जैन बाला विश्राम स्थापन केला. काशीची भूमी देणारे कुटुंब आणि आऱ्याची कन्याशाळा चालविणारे कुटुंब एकच असावे, यात आश्चर्य नाही. विद्येचे दार एकदा उघडले की ते एकाच बाजूस उघडे राहत नाही. महाराष्ट्रात सोलापूरच्या श्राविका संस्थेस पुढे पंडिता सुमतीबाई शहा यांच्यासारख्या विदुषीचे नेतृत्व लाभले. आज आपल्या शाळांतून मुख्याध्यापिका म्हणून भगिनी सहजपणे काम करतात. या सहजतेमागे त्या पहिल्या पिढीने सोसलेली टीका आहे.

जयपूर ते इंदूर : मुख्याध्यापकाला अटक

तिसरा प्रसंग समाजाची सर्वांत कठीण कसोटी पाहणारा होता. पंडित अर्जुनलाल सेठी (१८८०-१९४१) हे जयपूरचे. १९०२ साली बी. ए. झालेल्या या तरुणापुढे संस्थानी नोकरीचा मार्ग मोकळा होता. तो सोडून ते शिक्षणकार्यात पडले आणि १९०७ च्या सुमारास जयपूर येथे त्यांनी जैन वर्धमान विद्यालय चालविले. धर्मशिक्षणाबरोबर देशभक्तीचे संस्कार हे त्या विद्यालयाचे वैशिष्ट्य. त्याची कीर्ती ऐकून महाराष्ट्रातूनही विद्यार्थी तेथे गेले. सोलापूरकडील मोतीचंद शहा आणि करमाळ्याचे देवचंद शहा ही त्यांतील दोन नावे.

१९१३ च्या मार्च महिन्यात बिहारमधील निमेज येथे एका महंताची हत्या झाली. क्रांतिकार्यासाठी पैसा मिळविण्याचा तो प्रयत्न होता, असे पुढे उघडकीस आले. त्यात या विद्यालयाशी संबंधित व्यक्ती गुंतल्या होत्या. मोतीचंद शहा यांना फाशी झाली. अहिंसेची शिकवण देणाऱ्या समाजाच्या विद्यालयातील विद्यार्थी हत्येच्या खटल्यात सापडावा, हा समाजाला बसलेला जबर धक्का होता. त्या कृत्याचे समर्थन जैन धर्म करू शकत नाही. आणि त्यामागील देशप्रेमाची तळमळही खोटी म्हणता येत नाही. या दोहोंच्या मध्ये समाजाचे मन सापडले.

सेठीजी त्या काळात इंदूर येथील त्रिलोकचंद जैन विद्यालयाचे प्रमुख होते. १९१४ साली त्यांना अटक झाली. कोणत्याही न्यायालयात त्यांच्यावर दोष सिद्ध झाला नाही. तरीही त्यांना स्थानबद्ध करण्यात आले आणि पुढे दूर मद्रास इलाख्यातील वेल्लोरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे जिनदर्शनाची सोय नसल्याने त्यांनी अन्नत्याग केला, ही हकिकत जैन समाजात आजही आदराने सांगितली जाते.

ज्याला आपण मुख्याध्यापक नेमले, त्याला सरकारने राजद्रोही ठरविले, तर समाजाने काय करावे? जैन समाज प्रामुख्याने व्यापारी. ब्रिटिश सरकार आणि संस्थानिक यांच्याशी त्याचे रोजचे व्यवहार. सरकारची नाराजी म्हणजे पेढीवर संकट. त्यामुळे अनेकांनी सेठीजींचे नाव उच्चारणेही टाळले असल्यास त्यांना सर्वस्वी दोष देता येत नाही. तथापि दुसरा प्रवाहही होता. सुशिक्षित जैन तरुण, जैन नियतकालिके आणि सभा-संस्था यांनी सेठीजींच्या सुटकेसाठी सरकारकडे अर्ज-विनंत्या केल्या. आरोप असेल तर खटला चालवा, नसेल तर सोडा, ही त्यांची साधी मागणी होती. अॅनी बेझंट यांनीही हा प्रश्न उचलून धरला. सुमारे सहा वर्षांच्या बंदिवासानंतर १९२० मध्ये सेठीजी मुक्त झाले. परतीच्या वाटेवर पुणे येथे लोकमान्य टिळकांनी त्यांचे स्वागत केल्याचे सांगितले जाते.

स्वागताचे हार मात्र लवकरच सुकले. पुढील काळात सेठीजी अजमेर येथे राष्ट्रीय चळवळीत आणि हिंदू-मुस्लिम ऐक्याच्या कार्यात राहिले. त्यांची मते समाजातील अनेकांना पटली नाहीत. अखेरची वर्षे त्यांनी आर्थिक हलाखीत काढली आणि १९४१ साली अजमेर येथे, समाजाच्या बऱ्याच मोठ्या भागाने विसरलेल्या अवस्थेत त्यांचे निधन झाले. ज्या शिक्षकाने सुखाची नोकरी सोडून समाजाच्या मुलांसाठी विद्यालय चालविले, त्याच्या उतारवयाची चिंता समाजाने वाहिली नाही. मतभेद असणे निराळे आणि उपकार विसरणे निराळे.

त्याच विद्यालयातील दुसरे विद्यार्थी देवचंद शहा यांची वाट निराळी ठरली. त्यांनी गुरूकडून घेतलेली त्यागाची आग शिक्षणकार्याकडे वळविली. १९१८ साली कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम आणि १९३४ साली कुंभोज-बाहुबली येथील गुरुकुल त्यांच्या प्रेरणेने उभे राहिले. पुढे मुनिदीक्षा घेऊन ते प. पू. समंतभद्र महाराज म्हणून सर्वपरिचित झाले. दक्षिण महाराष्ट्रातील किती घरांतील मुले या गुरुकुलांतून शिकली, याची गणती नाही. एका मुख्याध्यापकाच्या कार्याचे मोजमाप त्याच्या हयातीत करता येत नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

कायद्याने दिलेला अधिकार

स्वातंत्र्योत्तर काळात हा विषय केवळ समाजाच्या मर्जीचा राहिला नाही. महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचे नियमन करणारा कायदा १९७७ साली झाला आणि त्याची नियमावली १९८१ साली आली. सर्वसाधारण शाळेत मुख्याध्यापकपद भरताना पात्र शिक्षकांमधील सेवाज्येष्ठता पाहिली जाते. अल्पसंख्याक शाळांना मात्र याच कायद्याच्या तिसऱ्या कलमाने सवलत दिली आहे. मुख्याध्यापक आणि शासनास नावे कळविलेल्या आणखी जास्तीत जास्त तीन व्यक्ती यांच्या निवडीस तो कायदा लागू होत नाही. या सवलतीचे मूळ राज्यघटनेच्या तिसाव्या अनुच्छेदात आहे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका ख्रिस्ती महाविद्यालयाच्या प्रकरणात, प्राचार्य निवडण्याचा हक्क हा अल्पसंख्याक संस्थेच्या व्यवस्थापनाच्या हक्काचा महत्त्वाचा भाग असल्याचे स्पष्ट केले. केंद्र शासनाने जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले ते २७ जानेवारी २०१४ रोजी.

अधिकार मिळाला, त्याबरोबर जबाबदारीही आली. शासनाने ठरविलेली शैक्षणिक पात्रता पाळावी लागतेच. सूट आहे ती निवडीची. पूर्वी विश्वस्त मंडळाला नियमाकडे बोट दाखविता येत असे. आता बोट स्वतःकडेच वळते. वीस-पंचवीस वर्षे इमानाने शिकविणाऱ्या ज्येष्ठ शिक्षकाला डावलून दुसऱ्यास नेमले, तर त्याची कारणे संस्थेच्या हिताची असली पाहिजेत आणि ती त्या शिक्षकाला समोर बसवून सांगण्याइतके धैर्य मंडळात असले पाहिजे. नातेसंबंध, गटबाजी किंवा देणगीचा आकडा ही कारणे ठरू लागली, तर घटनेने दिलेला हक्क समाजाच्याच हातून मलिन होतो.

इतिहासाचा बोध

या तिन्ही प्रसंगांतून काही गोष्टी ठळकपणे पुढे येतात. काशीच्या नेमणुकीने दाखविले की विद्वत्ता बाहेरून आणण्यात कमीपणा नाही, मात्र धर्मसंस्काराची व्यवस्था संस्थेने स्वतः लावली पाहिजे. ती एका मुख्याध्यापकावर टाकून मोकळे होता येत नाही. श्राविकाश्रमाने दाखविले की समाजाचा पहिला विरोध हा अखेरचा निकाल नसतो. नेमलेल्या व्यक्तीस काम करून दाखविण्यास अवधी दिला पाहिजे. इंदूरच्या प्रसंगाने दाखविले की नेमणूक हा एका दिवसाचा ठराव नव्हे. संकट आले असता आपण नेमलेल्या माणसासाठी निदान न्याय मागणे, हे संस्थेचे कर्तव्य उरते.

अनेकांतवाद आपण प्रवचनातून ऐकतो. मुख्याध्यापकाच्या निवडीची बैठक ही त्याची खरी परीक्षा असते. ज्येष्ठतेचा आग्रह धरणाऱ्याच्या बोलण्यात न्यायाचा अंश आहे, धर्मनिष्ठेचा आग्रह धरणाऱ्याच्या बोलण्यात संस्थेच्या उद्देशाचा अंश आहे, आणि गुणवत्तेचा आग्रह धरणाऱ्याच्या बोलण्यात मुलांच्या भवितव्याचा अंश आहे. कोणताही एक अंश म्हणजेच संपूर्ण सत्य, असे मानले की दुराग्रह जन्मतो. तिन्ही बाजू ऐकून घेऊन जो निर्णय होईल, तो सर्वांनी मनापासून स्वीकारणे आणि दुसऱ्या दिवसापासून नव्या मुख्याध्यापकाच्या पाठीशी उभे राहणे, ही समाजाची परिपक्वता होय.

सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या संस्थेपुढे पुढील पन्नास वर्षे आहेत. त्या काळात अनेक मुख्याध्यापक येतील आणि जातील. दाराशी आलेल्या विद्वानाला समाजाने आदराने आत घ्यावे, तो काम करीत असता त्यास साथ द्यावी आणि तो निवृत्त होईल तेव्हा कृतज्ञतेने निरोप द्यावा. ज्ञानदानाचे पुण्य इमारतीच्या कोनशिलेवर कोरले जाते, पण ते फळाला येते वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाच्या हातून.